सिगारेट ओढणाऱ्याने आवळा घ्यावा, कॅप्सूल नको

सिगारेटच्या धुराने शरीरातलं क जीवनसत्त्व लवकर संपतं. म्हणून अमेरिकेत ओढणाऱ्यांना इतरांपेक्षा रोज ३५ मिलिग्रॅम जास्त घ्यायला सांगतात. एवढ्यासाठी महागडा अर्क कशाला? स्टेशनबाहेरच्या गाडीवरचा एक पेरू पुरतो.

थंडीत दादरच्या मंडईतून आवळे आणा. दोन मोठे आवळे धुऊन बिया काढा, फोडी अर्धा कप पाण्यात मिक्सरमधून फिरवा, मलमलच्या फडक्यातून पिळा आणि लगेच प्या. उकळू नका, क जीवनसत्त्व उष्णतेने जातं. लोखंडी भांडं टाळा, आवळ्यातल्या टॅनिनमुळे रस काळा पडतो. प्यायल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा. लगेच ब्रश केला तर आम्लाने मऊ पडलेलं दातांचं एनॅमल झिजतं. रक्त पातळ करणाऱ्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर रोजचा रस आधी डॉक्टरांना विचारून.

याने तूट भरते, फुप्फुसातला टार धुतला जात नाही. रक्तात चिकटलेल्या कार्बन मोनॉक्साइडलाही आवळा हलवू शकत नाही. आणि गॅलरीतली तुळस शेजारच्या खिडकीतून येणारा धूर शोषत नाही. तिथे खिडकी लावून घेणंच बरं.

खरा घोटाळा कॅप्सूलमध्ये आहे. गाजरातलं बीटा-कॅरोटीन फुप्फुस वाचवेल असं वाटत होतं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्या २९ हजार पुरुषांवर झालेल्या चाचणीत (१९९४) रोज २० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच चाचणी १९९६ साली मुदतीआधी थांबवावी लागली. गाजराची कोशिंबीर खुशाल खा, पण मल्टिव्हिटॅमिनच्या डबीवर बीटा-कॅरोटीन लिहिलंय का ते वाचा. ग्रीन टी कपातून ठीक. तिच्या दाट अर्काच्या गोळ्यांनी काहींच्या यकृताला इजा झाली आहे.

वनस्पतीतून आलेलं एक औषध मात्र कामाचं आहे: सायटिसीन. लॅबर्नम या पिवळ्या फुलांच्या झाडाच्या बियांतलं हे द्रव्य मेंदूत निकोटिनच्या जागी बसतं, त्यामुळे तलफ कमी होते. १.५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांचा नेहमीचा कोर्स २५ दिवसांचा. पहिले तीन दिवस रोज सहा, पुढे कमी कमी, आणि पाचव्या दिवशी सिगारेट बंद. डॉक्टरांशिवाय नको. सोडायचं ठरलं तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन फुकट लागतो.

सोडल्यावर चहा-कॉफी निम्मी करा. धुरामुळे यकृत कॅफिन झपाट्याने संपवत असतं. धूर थांबला की तेच चार कप अंगावर येतात, आणि हातांची थरथर, उडालेली झोप लोक सिगारेट सुटल्याच्या खात्यात टाकतात.