गुडघेदुखीवर थिसिस घेताय? आधी कापसाची वेचणी कधी आटोपते ते बघा

खानदेशात ऑर्थोला (हाडांच्या विभागात) किंवा मेडिसिनला पीजी, म्हणजे एमबीबीएसनंतरची जागा, मिळाली की गुडघ्याची झीज हा विषय हमखास सुचतो. पेशंट ढीगभर आहेत, विषय चांगला आहे, बिनधास्त घ्या. फक्त कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ते औषध न दिलेला दुसरा गट, नसलेला आराखडा घेऊ नका. गाइड हो म्हणाले तरी नका घेऊ.

हे जरा सविस्तर सांगते, कारण माझा जीव सगळ्यात जास्त इथेच शिणला. झिजेचं दुखणं चढतं, उतरतं. बाम, निरगुडीचा शेक, ओळखीच्याची गोळी हे सगळं थकलं की बाई ओपीडीत येते. म्हणजे पहिल्या दिवशी तुम्ही दुखण्याचा दहापैकी जो आकडा लिहिता तो शिगेचा असतो. काही न करताही तो बऱ्याचदा खाली येतो. त्यात आपल्याकडे कापूस. दिवाळीच्या सुमाराला पेशंट भरले, तर त्या बाया दिवसभर वाकून वेचणी करत असतात. तीन महिन्यांनी फॉलोअपला येतात तेव्हा वेचणी आटोपलेली. दुखणं आठावरून चारावर आलेलं दिसतं आणि श्रेय गोळीला जातं. त्यातलं आरामाने किती उतरलं, असं परीक्षकांनी विचारलं तर काय सांगाल?

अमेरिकेत ह्यूस्टनला 180 जणांवर झालेला अभ्यास 2002 मध्ये छापून आला. काहींच्या गुडघ्याला नुसत्या चिरा दिल्या होत्या, आत काहीच केलं नव्हतं. दोन वर्षांनंतरही दुर्बिणीने ऑपरेशन झालेल्यांना त्यांच्यापेक्षा जास्त आराम नव्हता. तेव्हा दोन गट करा, कोण कुठल्या गटात हे रँडम ठरवा आणि दोन्ही एकाच हंगामात भरा. नमुना लहान राहिला तरी चालेल, घाबरू नका.

पेशंटची पिशवी रिकामी करून बघा. एका आजींनी पदराची गाठ सोडली, तर वर्तमानपत्राच्या पुडीत तीन रंगांच्या गोळ्या निघाल्या. त्यातली एक स्टिरॉइडची. विचारलं असतं तर त्या ‘काहीच घेत नाही’ म्हणाल्या असत्या, आणि खोटं बोलल्या नसत्या, कारण पुडीला त्या औषध मानतच नव्हत्या.

वोमॅक या झिजेचा त्रास मोजायच्या प्रश्नावलीत 24 प्रश्न आहेत. वापरायला परवानगी लागते. त्यात बाथटबमध्ये उतरण्याचा आणि मोजे घालण्याचाही प्रश्न आहे. शिरपूरच्या शेतमजूर बाईला उकिडवं बसता येतं का, हे वेगळं विचारून वेगळं नोंदवा.

धडगाव-अक्कलकुव्याकडचा तरुण पोरगा खुबा दुखतो म्हणाला, तर आधी सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी करा. त्या आजारात मांडीच्या हाडाचं डोकं रक्त न पोचल्याने मरतं. त्याला झिजेच्या यादीत घालाल तर अभ्यासही बिघडेल आणि पोरगाही.

थिसिस लिहून देणाऱ्यांच्या दारात जाऊ नका. नावाजलेल्या गाइडपेक्षा तुमचं पान वाचून लाल पेन चालवणारा गाइड बरा. सीटीआरआयची (वैद्यकीय चाचण्यांच्या देशपातळीवरच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिला पेशंट घेण्याआधीच हवी, 1 एप्रिल 2018 पासून मागाहून होत नाही. आणि फॉलोअप आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात ठेवू नका, लेकीबाळी माहेरी गेलेल्या असतात. माहेरचाही नंबर लिहून ठेवा.