सप्तशृंगी गडावर आई-वडिलांना नेताना

वणीच्या गडावर घरच्या वयस्कर माणसांना नेणार असाल, तर आधी गुडघ्यांचा विचार करा. देवळाला साधारण पाचशे पायऱ्या आहेत. चढताना दम लागतो, पण थांबत थांबत जमतं. गुडघे खरे बोलतात ते उतरताना. म्हणून ‘एकदा तरी पायरीने जायचंच’ असा आईचा हट्ट असेल, तर चढून जा आणि उतरताना फ्युनिक्युलर ट्रॉलीने, म्हणजे रुळांवरून डोंगर चढ-उतार करणाऱ्या गाडीने, या. बरेच जण नेमकं उलट करतात. गुडघा आधीच दुखरा असेल, तर दोन्ही वेळा ट्रॉलीच बरी. देवी तीच आहे, अठरा हातांची. तिच्यापुढे उभं राहताना पाय थरथरत असतील तर डोळे भरून बघणंही होत नाही.

नाशिकहून गड साठेक किलोमीटर. सकाळी लवकर निघा. शेवटचा नांदुरीचा घाट वळणावळणाचा आहे, त्यामुळे गाडी लागणाऱ्याला पुढे बसवा.

नवरात्र आणि चैत्रोत्सवात खासगी गाड्या नांदुरीलाच अडवतात, वर एसटीने जावं लागतं. चैत्रात खानदेशातून पायी येणाऱ्या भाविकांची गर्दी असते. म्हाताऱ्या माणसांसाठी हे दिवस टाळून साधा वार निवडावा, मंगळवार-शुक्रवारही नको.

ओटीचं सामान, नारळ-खण, हातात लोंबतं ठेवू नका. माकडं पिशवी ओढतात, आणि दचकून पायरीवर तोल जातो. सगळं खांद्याच्या बंद पिशवीत ठेवा.