सामायिक गिट रेपोचा जुना इतिहास साफ करताना

जुन्या कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) पासवर्ड किंवा एपीआय की (सेवा वापरण्याची गुप्त किल्ली) सापडली, तर आधी ती रद्द करा. इतिहास पुसणं त्यानंतर. ज्यांनी रेपो (कोड आणि त्याचा इतिहास ठेवणारं भांडार) क्लोन केलाय, म्हणजे त्याची पूर्ण प्रत घेतलीय, त्यांच्याकडे ती पोहोचलेलीच आहे.

रेपो नुसता जड झाला असेल तर घाई नको. इतिहास पुन्हा लिहिणारं 'फिल्टर-रेपो' हे साधन गिटबरोबर येत नाही, ते वेगळं बसवा आणि 'गिट फिल्टर-रेपो --ॲनालाइज' चालवा. कुठल्या फाइलीनं किती जागा खाल्लीय याचा अहवाल .गिट/फिल्टर-रेपो/ॲनालिसिस या फोल्डरमध्ये मिळतो. बरेचदा सगळा भार मोजक्या झिप फाइलींचा किंवा डेटाबेस डंपचा असतो.

मग दिवस ठरवा. तोवर सगळ्यांनी आपलं काम पुश करावं (सर्व्हरवर पाठवावं), उघड्या पुल रिक्वेस्ट (बदल सामील करण्याच्या विनंत्या) मर्ज किंवा बंद कराव्यात. 'गिट क्लोन --मिरर' करून एक प्रत वेगळ्या जागी ठेवा. साफसफाईसाठी दुसरा ताजा क्लोन घ्या. जुन्या क्लोनमध्ये फिल्टर-रेपो काम नाकारतो. तिथे --फोर्स लावून त्याचं तोंड बंद करू नका.

फाइल काढायला: 'गिट फिल्टर-रेपो --इन्व्हर्ट-पाथ्स --पाथ बॅकअप/डंप.एसक्यूएल'. ही फाइल आजच्या शाखेतूनही जाते, हवी असेल तर आधी बाजूला काढा. फाइल ठेवून फक्त पासवर्ड पुसायचा असेल, तर --रिप्लेस-टेक्स्ट वापरा. बदललेल्या कमिटचे आणि त्यांच्यापुढच्या सगळ्यांचे हॅश (कमिटचे ओळख-क्रमांक) बदलतात, त्यांवरच्या डिजिटल सह्या जातात. जुन्या-नव्या हॅशची यादी .गिट/फिल्टर-रेपो/कमिट-मॅपमध्ये असते, ती जपा.

साफसफाई झाल्यावर तपासा: 'गिट लॉग --ऑल -- बॅकअप/डंप.एसक्यूएल' याचं उत्तर रिकामं यायला हवं. फिल्टर-रेपो 'ओरिजिन' (सर्व्हरवरच्या रेपोचा नोंदवलेला पत्ता) मुद्दाम काढून टाकतो. खात्री पटल्यावरच तो पुन्हा जोडा, संरक्षित शाखांची बंदी तात्पुरती उठवा आणि --फोर्सने आधी --ऑल, मग --टॅग्ज असं पुश करा. टॅग (कमिटना दिलेली नावं) राहिले तर जुना इतिहास त्यांच्या आधारानं सर्व्हरवर तसाच राहतो.

खरा घात इथून पुढे होतो. एखाद्यानं जुन्या क्लोनमध्ये सवयीनं 'गिट पुल' केलं आणि जुना व नवा इतिहास मर्ज झाला, तर त्याच्या पुढच्या पुशबरोबर पुसलेलं सगळं परत येतं. म्हणून प्रत्येकानं जुना क्लोन काढून नवा घ्यायचा. पुश न झालेलं काम असेल तर आधी कमिट करून 'गिट फॉरमॅट-पॅच'नं पॅच काढावेत आणि नव्या क्लोनमध्ये 'गिट एएम'नं लावावेत. सीआय (कोड आपोआप तपासणाऱ्या) सर्व्हरवरचे कॅश केलेले क्लोनही विसरू नका.

गिटहबवर पुल रिक्वेस्टचे रेफ (कमिटकडे बोट दाखवणारी नावं) पुश करून बदलता येत नाहीत, त्यासाठी सपोर्टला लिहावं लागतं. फोर्क (इतरांच्या खात्यातल्या रेपोच्या प्रती) मात्र ज्याचे त्यानंच साफ करायचे.