अकरावी सायन्स: विषय निवडताना

आधी बारावीनंतर कुठे जायचंय ते लिहा, मग विषय भरा. उलटं केलं की पंचाईत होते.

इंजिनीअरिंगला फिजिक्स आणि गणित सोडून चालत नाही. नीटसाठी (मेडिकलची प्रवेश परीक्षा) फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. फार्मसीला गणित किंवा बायोलॉजी, दोन्हीपैकी एक चालतं. ठरत नसेल तर फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, बायोलॉजी चारही घ्या. ओझं वाढतं, पण एकही दार बंद होत नाही.

खरी गफलत बायफोकलमध्ये, म्हणजे सायन्ससोबत घ्यायच्या व्यावसायिक विषयात होते. कॉम्प्युटर सायन्स किंवा इलेक्ट्रॉनिक्स हा २०० गुणांचा विषय दुसऱ्या भाषेची आणि एका वैकल्पिक विषयाची जागा घेतो. बहुतेक मुलं बायोलॉजीच सोडतात आणि मेडिकलचा रस्ता अवघड होतो. नुसतं आयटी मात्र १०० गुणांचं. ते फक्त दुसऱ्या भाषेऐवजी येतं, म्हणून चारही विषय शाबूत राहतात. फॉर्मवर सही करण्यापूर्वी विषयांची नावं एकेक करून वाचा.

सीईटीला (राज्याची प्रवेश परीक्षा) पर्सेंटाइल उत्तम, पण बारावीच्या संबंधित तीन विषयांत ४५ टक्के (महाराष्ट्रातील मागासवर्गीयांना ४०) नाहीत, तर इंजिनीअरिंगचा प्रवेश अडतो. नीटच्या उमेदवारांना फिजिक्स-केमिस्ट्री-बायोलॉजीत मिळून ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला ४०. म्हणून बोर्डाकडे दुर्लक्ष नको. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीत प्रत्येकी ३० गुण प्रात्यक्षिकांचे असतात. जर्नल वेळच्या वेळी तपासून घ्या. सीईटीत साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे असतात, तेव्हा अकरावीची पुस्तकं रद्दीत घालू नका.