मनाली–लेह सायकलने: आधी मुक्काम ठरवा, मग किलोमीटर

रोहतांगमार्गे मनाली ते लेह साधारण ४७५ किलोमीटर. आपल्याकडचे घाट मारून तयार झालेल्या सायकलस्वाराला हा आकडा फारसा जड वाटत नाही, आणि गडबड तिथेच होते. सिंहगडाचा माथा जेमतेम १३०० मीटरवर आहे. इथे पाच हजारांच्या वर दोनदा चढायचंय. पाय साथ देतात, डोकं ठणकायला लागतं. म्हणून रोज किती अंतर कापायचं हे नंतर बघा. झोपायचं किती उंचीवर, ते आधी ठरवा.

१. महिना. रस्ता जूनच्या सुमारास उघडतो. जुलै-ऑगस्टमध्ये मनालीच्या बाजूला पाऊस आणि दरडी असतात. बारालाचा खिंड ओलांडली की पावसाळी ढग मागे राहतात आणि कोरडं शीत वाळवंट सुरू होतं. मला विचाराल तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. थंडी जास्त, पण नाल्यांना पाणी कमी.

२. सायकल. महागडी नको, हलका गिअर हवा. पुढची सगळ्यात लहान चकती मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीपेक्षा लहान असावी. टायर रुंद घ्या. जादा ब्रेक पॅड, चेनची जोडकडी आणि दोन ट्यूब सोबत असू द्या. वाटेत सायकलचं दुकान मिळेल असं धरू नका.

३. मुक्काम. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. अटल बोगदा झाला असला तरी रोहतांगवरूनच जा: मढीला एक रात्र काढा, ३९७८ मीटरची खिंड ओलांडून सिस्सूला उतरा. शरीराला उंचीची पहिली ओळख होते. पुढे केलाँग, जिस्पा.

खरा सापळा इथून पुढे आहे. जिस्पा सुमारे ३२०० मीटरवर, सरचू ४३०० च्या आसपास. गाड्या हे अंतर काही तासांत कापतात आणि सरचूच्या तंबूत माणसं रात्रभर कण्हत पडतात. तुम्ही मध्ये पत्सेओ आणि झिंगझिंगबार असे दोन मुक्काम करा. अंतर हास्यास्पद कमी वाटेल, वाटू द्या. सरचूनंतर गाटा लूप्सच्या २१ वळणांच्या पायथ्याशी, ब्रँडी नाल्यापाशी थांबा. नकी ला आणि लाचुंग ला या खिंडी एकाच दिवशी उरकून पांग या मुक्कामी उतरता येतं. त्या दोन खिंडींच्या मधल्या व्हिस्की नाल्यावर मात्र झोपू नका. (ही नावं कुणी ठेवली असतील, त्यांना थंडी चांगलीच वाजली असणार.)

४. वेळ. पहाटे निघा. बर्फ वितळून येणारं पाणी दुपारनंतर चढतं. सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला चारला गुडघ्यापर्यंत येतो. सायकलवरून न उतरता पार करायचा हट्ट नको. बूट काढून सँडल घाला, सामान उतरवून पलीकडे ठेवा आणि सायकल प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरून चाला, म्हणजे धक्का बसला तरी ती अंगावर येत नाही. पांगच्या पुढे लागणाऱ्या मोरेच्या पठारावरही हेच वेळापत्रक पाळा. रस्ता सपाट असला तरी दुपारचा वारा समोरून आला की चालण्याच्या वेगाने जावं लागतं.

५. खाणं. साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. ढाब्यांच्या तंबूत मॅगी, ऑम्लेट, कधी राजमा-भात मिळतो. सोबत सातूचं पीठ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू ठेवा. भूक मरते, तरी खा. रोख पैसेही पुरेसे ठेवा.

६. माघार. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर त्या दिवशी वर जायचं नाही. विश्रांतीनंतरही त्रास वाढला तर उतरायचं. टाचेला पंजा लावत सरळ रेषेत चालता येत नसेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी मिळेल त्या गाडीने खाली. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही, हे निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारा. सोबत्याच्या खिशातली गोळी घेऊ नका.

७. परत. ५३२८ मीटरच्या तांगलांग ला खिंडीनंतर रुमत्से आणि उपशीपर्यंत उतार, मग सिंधूकाठाने लेह. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, दरडीने रस्ता अडू शकतो. सायकल खोक्यात भरताना डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, ते घड्याळाच्या दिशेने सुटतं.