तंबाखूचा वाण ‘स्थिर’ ठरवताना या चुका टाळा

विडी तंबाखूचं रान निपाणीकडे काळं नि पावसावरचं, तर गुजरातेत चरोतरात हलकं नि ओलिताचं. दोन्हीकडे चालेल असा वाण निवडताना अभ्यासकांची पहिली गफलत म्हणजे ‘स्थिर’चा अर्थ ‘सगळीकडे सारखा’ असा लावणं. समजा, एक वाण तीन ठिकाणी हेक्टरी १२०० किलो देतो आणि दुसरा २०००, १७००, १४००. चढउतार नाहीत म्हणून पहिला निवडलात, तर एकाही शेतकऱ्याचं भलं होत नाही.

पीक-पैदासकार एबरहार्ट आणि रसेल यांच्या १९६६ च्या पद्धतीत प्रत्येक ठिकाणच्या सगळ्या वाणांच्या सरासरीसमोर एकेका वाणाचं उत्पादन मांडून रेषा काढतात. त्यात वाणाची सरासरी जास्त, रेषेचा उतार १ च्या आसपास आणि रेषेपासूनचं विचलन शून्याजवळ, अशा तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या असतात. बरेच जण उतारावरच थांबतात. उतार १ हून जास्त असलेला वाण टाकाऊ नसतो. तो चांगल्या रानाचं चीज करतो, त्याची शिफारस ओलितासाठी करा. विचलन मोठं असेल तर मात्र उताराच्या आकड्यावर विसंबू नका. आणि तीन-चार ठिकाणांवर रेषा काढूच नये. एक प्लॉट बिघडला की ती फिरते. एकाच हंगामाच्या चाचण्याही पुरत नाहीत, पाऊस दरवर्षी वेगळा.

गणितापेक्षा जास्त घोळ शेतात होतो. सगळ्या वाणांचा शेंडा एकाच तारखेला खुडतात! लवकर फुलणाऱ्या वाणाला तोवर उशीर झालेला असतो, अन्न फुलाकडे गेलेलं असतं, पान हलकं भरतं आणि खापर वाणावर फुटतं. प्रत्येकाचा शेंडा त्याच्या कळीच्या अवस्थेत, ठरलेली पानं ठेवून खुडा. वजनाचंही तेच. वाळलेलं पान हवेतला ओलावा ओढतं, दमट सकाळी तोललं की उत्पादन ‘वाढतं’. ओलाव्याचं प्रमाण मोजूनच आकडा लिहा.

बंबाखू (तंबाखूच्या मुळांवर जगणारं परजीवी तण) लागलेला प्लॉट गुपचूप वगळू नका, वेगळी नोंद करा. बियाण्यासाठीचे फुलोरे पिशवीत झाका, म्हणजे दुसऱ्या वाणाचे परागकण मिसळणार नाहीत. एका ग्रॅममध्ये दहा-बारा हजार बिया असतात, थोडी भेसळही पुढे महागात पडते.

शेवटी, नुसत्या वजनावर जाऊ नका. पावसानं ओढ दिली की पानातलं निकोटिन वाढतं, म्हणून त्याचीही स्थिरता तपासा. नमुने मात्र सगळीकडे झाडाच्या एकाच उंचीवरच्या पानांचे घ्या. वरच्या पानांत निकोटिन मुळातच जास्त असतं.