सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावावर पहिल्यांदाच गटाबरोबर पक्षी बघायला जाताना

दुर्बीण ८×४२ ची घ्या, म्हणजे ८ पट मोठं दाखवणारी आणि पुढचं भिंग ४२ मिमीचं असलेली. १२ पटीची हातात थरथरते आणि पक्षी सापडतच नाही. दुर्बीण घरीच जुळवून ठेवा: उजवी बाजू झाकून डाव्या डोळ्याने मधल्या चाकाने लांबची पाटी स्पष्ट करा, मग डावी झाकून, चाकाला हात न लावता, उजव्या नेत्रभिंगाची कडी फिरवा. हे न केल्याने अर्ध्या तासात डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला जातो. चष्मा असेल तर रबरी कडा खाली दुमडा किंवा फिरवून आत घ्या.

सकाळी पूर्वेच्या काठावर थांबा, म्हणजे ऊन पाठीशी राहतं. समोरून ऊन आलं तर नारिंगी रंगाचं बदक, चक्रवाकही काळा दिसतो!

पक्षी दाखवताना हात उंचावू नका. ‘वाळलेल्या बाभळीच्या डावीकडे, पाण्याच्या कडेला’ असं हळू सांगा. पट्टकादंबांनी (डोक्यावर काळे पट्टे असलेल्या हंसांनी) माना ताठ केल्या की समजा, फार जवळ आलात. तिथेच थांबा किंवा मागे सरका.

नाव शोधायला पुस्तक लगेच उघडू नका. आधी चोच, पाय, आकार बघा. पुस्तक पळत नाही, पक्षी उडतो. काठचा गाळ वरून सुकलेला दिसला तरी पाय घोट्यापर्यंत रुततो, म्हणून चपला नकोत.